अटलांटिकपार बिझनेस क्लास: भाडं कुठे उतरतं आणि का

न्यूयॉर्कहून संध्याकाळी सातला सुटलेलं विमान लंडनला सकाळी सातच्या सुमारास उतरतं. घड्याळात बारा तास गेलेले दिसतात, पण त्यातले पाच तास वेळेच्या फरकाचे. हवेत आपण असतो सातच तास, वाऱ्याची साथ मिळाली तर त्याहूनही कमी. सुरुवातीला जेवणाच्या गाड्या फिरतात, उतरण्याआधी तास-दीड तास दिवे लागतात आणि नाश्ता येतो. मधल्या चार तासांत जी झोप होईल तिच्यावर पुढचा अख्खा दिवस काढायचा असतो. बिझनेस क्लासच्या तिकिटाचे पैसे खरं तर या चार तासांचे असतात. बाकीचं, म्हणजे शॅम्पेन, मोठा पडदा, आधी विमानात चढणं, हे सगळं नंतर.

न्यूयॉर्कहून लंडन किंवा पॅरिसला जाऊन-येऊन बिझनेस क्लासचं भाडं एरवी चार हजार डॉलरच्या आसपास किंवा त्याच्या वर असतं. ऐनवेळी घेतलं तर ते दुप्पटही होतं. पण त्याच मार्गांवर, त्याच विमानांत, दोन ते अडीच हजार डॉलरची तिकिटंही वर्षातून बऱ्याच वेळा निघतात. ही तिकिटं नशिबानं मिळतात असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ती कुठल्या शहरातून, कुठल्या महिन्यात आणि कुठल्या कंपनीकडून निघतात याला ठरलेली कारणं आहेत. ती कारणं कळली की शोध सोपा होतो.

आज कितीतरी मराठी घरांत एक मूल लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला असतं, दुसरं न्यू जर्सीत किंवा बॉस्टनला. भावंडांची ये-जा अटलांटिकवरून चालते आणि पुण्या-मुंबईहून निघालेले आईवडीलही एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाताना हाच समुद्र ओलांडतात. पाठीचं ऑपरेशन झालेल्या माणसाला रात्रभर बसून प्रवास करायला लावणं हा काटकसरीचा मार्ग नव्हे, आणि दुप्पट भाडं देऊन कर्जाचा हप्ता वाढवणं हाही नव्हे. मधली वाट आहे, ती धीरानं शोधावी लागते.

आधी ठरवा, झोप कुठल्या रात्रीची हवी

भाडं शोधायला बसण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाचतात. युरोपातून अमेरिकेकडे जाणारी बहुतेक विमानं दिवसा उडतात. लंडनहून सकाळी अकराला निघालात तर न्यूयॉर्कला दुपारी पोहोचता. आठ तास उजेडातच जातात, झोप येत नाही आणि यायलाही नको, नाही तर तिथली रात्र बिघडते. या बाजूला पूर्ण आडव्या होणाऱ्या आसनाचा उपयोग फार कमी. प्रीमियम इकॉनॉमी इथे पुरेशी आहे, धडधाकट माणसाला साधी इकॉनॉमीसुद्धा.

परतीचा, म्हणजे पूर्वेकडचा प्रवास रात्रीचा. पैसे खर्च करायचे तर इथे करा. जाताना प्रीमियम इकॉनॉमी आणि येताना बिझनेस, असं एकाच तिकिटात बहुतेक मोठ्या कंपन्या देतात. दोन्ही बाजूंच्या भाड्यांचा अर्धा-अर्धा हिस्सा जोडून हिशोब होतो. कंपनीच्या संकेतस्थळावर बहु-शहर शोध केला की हा पर्याय सापडतो.

पूर्वेकडच्या सगळ्या रात्रीही सारख्या नाहीत. बॉस्टनहून डब्लिन किंवा शॅनन हा प्रवास सहा तासांच्या आतबाहेर. जेवण नाकारून लगेच झोपलं तरी चार तासांपलीकडे काही मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस किंवा सिॲटलहून युरोप म्हणजे दहा तास किंवा जास्त, आणि तिथे सहा-सात तासांची सलग झोप खरोखर होते. दोन्हीकडे भाड्याचा फरक सारखाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसानं बिझनेस घ्यावं, बॉस्टनच्या माणसानं दोनदा विचार करावा. पूर्व किनाऱ्यावरून निघणाऱ्यांनी जेवण विमानतळावरच उरकून विमानात थेट झोपावं. बिझनेस क्लासच्या तिकिटावर लाउंज मिळतं ते याच कामाला येतं. न्यूयॉर्कहून लंडनला सकाळी निघून रात्री पोहोचणारी काही विमानंही आहेत. तारखेची घाई नसेल तर ती इकॉनॉमीत घेऊन रात्रीची झोप हॉटेलात किंवा घरी घेता येते.

प्रवास सुरू कुठून होतो यावर भाडं ठरतं

विमानभाडं अंतरावर ठरत नाही. ते ठरतं त्या शहरातला गिऱ्हाईक किती मोजायला तयार आहे यावर. लंडनच्या बँकेतला अधिकारी न्यूयॉर्कला थेट विमानानंच जातो, त्याचं तिकीट त्याची कंपनी काढते आणि भाडं बघत नाही. म्हणून लंडनहून थेट उडणाऱ्या कंपन्यांना किंमत उतरवण्याची गरज पडत नाही. स्टॉकहोमच्या किंवा ऑस्लोच्या प्रवाशाला मात्र थेट विमानं कमी, त्यामुळे बहुतेकदा वाटेत लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस किंवा ॲमस्टरडॅम असा कुठेतरी थांबा घ्यावा लागतो. त्याला आपल्याकडे ओढायला चार-पाच कंपन्या भांडतात आणि भाडं खाली येतं. परिणाम असा की स्टॉकहोम-लंडन-न्यूयॉर्क हे तिकीट नुसत्या लंडन-न्यूयॉर्कपेक्षा अनेकदा कितीतरी स्वस्त असतं, आणि लंडनहून पुढे विमान तेच, आसनही तेच.

याला ब्रिटिश कराची जोड मिळते. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर तिथलं सरकार हवाई प्रवासी कर लावतं. अमेरिका आणि कॅनडा ज्या अंतराच्या टप्प्यात येतात, त्यासाठी एप्रिल २०२६ पासून इकॉनॉमीला १०२ पौंड आणि त्यावरच्या वर्गांना २४४ पौंड असा दर आहे. लक्षात घ्या, प्रीमियम इकॉनॉमीच्या प्रवाशालाही बिझनेसइतकाच, म्हणजे २४४ पौंड कर बसतो. त्यामुळे लंडनहून निघताना प्रीमियम इकॉनॉमी जितकी स्वस्त वाटते तितकी ती असत नाही.

हा कर ब्रिटनमधून प्रवास सुरू होतो तेव्हाच लागतो. डब्लिनहून लंडनमार्गे न्यूयॉर्कला एकाच तिकिटावर गेलात आणि लंडनचा थांबा २४ तासांच्या आत संपला, तर तो लागत नाही. स्कॉटलंडच्या उत्तर भागातले विमानतळ या करातून मोकळे आहेत, म्हणून इन्व्हरनेसहून लंडनमार्गे काढलेलं तिकीट तिथल्या जाणकारांचं आवडतं आहे. अमेरिकेतून येणाऱ्यांसाठी सूत्र आणखी सोपं: ब्रिटनमध्ये उतरण्यावर हा कर नाही, निघण्यावर आहे. लंडनला उतरा, भावाकडे आठ दिवस राहा, मग रेल्वेनं पॅरिसला किंवा ॲमस्टरडॅमला जा आणि परतीचं विमान तिथून घ्या. एकाच तिकिटात उतरण्याचं शहर एक आणि निघण्याचं दुसरं ठेवता येतं, आणि त्यासाठी दोन वेगळी एकेरी तिकिटं काढावी लागत नाहीत.

युरोपात राहणाऱ्यांनी आपल्या शहराबरोबर डब्लिन, ऑस्लो, स्टॉकहोम, कोपनहेगन, मिलान, माद्रिद, लिस्बन ही नावं नेहमी घालून पाहावीत. डब्लिनचा आणखी एक फायदा आहे. डब्लिन आणि शॅनन इथे अमेरिकेची इमिग्रेशन आणि कस्टम तपासणी विमानात बसण्याआधीच होते. अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडायचं. म्हाताऱ्या माणसांना न्यूयॉर्कच्या तासाभराच्या रांगेतून ही सुटका फार मोलाची असते.

अमेरिकेत राहणाऱ्यांना हीच युक्ती उलट्या दिशेनं वापरता येते. न्यूयॉर्क, बॉस्टन, वॉशिंग्टन, शिकागो या शहरांतून स्पर्धा जास्त, लहान शहरांतून कमी. लहान शहरात राहत असाल तर न्यूयॉर्कपर्यंतचं तिकीट वेगळं काढून पुढचं स्वस्त भाडं गाठता येतं का ते बघा. आणि जायचं लंडनला असलं तरी मिलान, माद्रिद, लिस्बनची भाडी बघायला विसरू नका.

आता यातला धोका. तिकीट ऑस्लोहून असेल तर प्रवास ऑस्लोहूनच सुरू करावा लागतो. पहिला टप्पा चुकवून मधेच लंडनला चढायला गेलात तर पुढचं सगळं तिकीट रद्द होतं. यात कुठलीही गयावया चालत नाही. शेवटचा टप्पा सोडून देणं त्यामानानं सोपं वाटतं, पण तेही कंपनीच्या अटींविरुद्ध आहे. सिॲटलहून फ्रँकफर्टमार्गे ऑस्लोला परतण्याचं बिझनेस तिकीट असलेला एक प्रवासी फ्रँकफर्टलाच उतरून बर्लिनला गेला, तर लुफ्तान्सानं त्याच्यावर २,११२ युरोंचा दावा लावला. बर्लिनच्या न्यायालयानं तो डिसेंबर २०१८ मध्ये फेटाळला आणि कंपनी अपिलात गेली. त्या न्यायालयात दावा टिकला नाही, पण कोर्टाची पायरी त्या माणसाला चढावी लागलीच. शिवाय चेक-इन केलेली बॅग शेवटच्या शहरालाच जाते. मी हा मार्ग कुणाला सुचवणार नाही.

सुरुवातीच्या शहरापर्यंतचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर आदल्या दिवशीच तिथे पोहोचा. सकाळचं विमान दोन तास उशिरा आलं म्हणून दुपारचं अटलांटिकपारचं विमान चुकलं, तर दोन तिकिटांचा एकमेकांशी संबंध नसल्यानं कुठलीच कंपनी जबाबदारी घेत नाही. तिथपर्यंतचं भाडं, एक रात्र हॉटेल, बॅगेचे पैसे आणि रजेचा एक दिवस हे सगळं बेरजेत धरा. माणशी पाचशे युरोंपेक्षा कमी वाचत असेल तर ही यातायात करू नये, असं मी म्हणेन.

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी एक गोष्ट सगळ्यात आधी बघायची आहे. वेगवेगळी तिकिटं असतील तर मधल्या शहरात बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे व्हिसा लागतो. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना आहे म्हणून डब्लिनला जाता येतं असंही नाही. स्वस्त तिकीट हातात आणि व्हिसा नाही, अशी वेळ येऊ देऊ नका. एकाच तिकिटावर थांबा असला तरी त्या देशाचा ट्रान्झिट नियम त्याच दिवशी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा. हे नियम बदलत राहतात.

विकणारा कोण आहे ते ओळखा

अटलांटिकवर बाहेरून डझनावारी कंपन्या दिसतात, पण मोठा धंदा तीन गटांच्या हातात आहे. अमेरिकन, ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, फिनएअर आणि एअर लिंगस हा एक. डेल्टा, एअर फ्रान्स, केएलएम आणि व्हर्जिन अटलांटिक हा दुसरा. युनायटेड, एअर कॅनडा आणि लुफ्तान्साचा परिवार हा तिसरा. सरकारी परवानगीनं या गटांतल्या कंपन्या भाडी आणि वेळापत्रक मिळून ठरवतात. म्हणून ब्रिटिश एअरवेजचं भाडं महाग वाटलं आणि अमेरिकनकडे गेलात तर बहुधा तोच आकडा दिसतो. तुलना करायची तर गटागटांत करा, एकाच गटाच्या आत नव्हे.

भाडं खरोखर खाली खेचतात त्या या गटांबाहेरच्या कंपन्या. जेटब्लूनं ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क-लंडन सुरू केलं. तिच्या लांब पल्ल्याच्या ए३२१ विमानांत मिंट नावाच्या वर्गाची २४ आसनं आहेत, प्रत्येकाला दार आहे आणि आसन पूर्ण आडवं होतं. पुढे पॅरिस, ॲमस्टरडॅम, डब्लिन, एडिंबरा ही शहरंही तिच्या यादीत आली. जेटब्लू जिथे उडते तिथे इतरांच्या भाड्यावरही दाब येतो, त्यामुळे तिनं जायचं नसलं तरी तिचा आकडा बघून ठेवावा. ला कॉम्पनी ही फ्रेंच कंपनी तर पूर्ण विमानच बिझनेस क्लासचं चालवते. ए३२१निओ विमानात फक्त ७६ आसनं, आणि नूअर्क-पॅरिस ऑर्ली हा तिचा मुख्य मार्ग. मिलानलाही ती जाते. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींना तर नूअर्क विमानतळ घराजवळचा. लहान कंपनीत एक उणीव असते, ती समजून घ्यावी: विमान रद्द झालं तर त्याच दिवशी बसवायला दुसरं विमान नसतं. दुसऱ्या दिवशी लग्न किंवा मुलाखत असेल तर मोठा गट बरा.

टॅप ही पोर्तुगीज कंपनी लिस्बनमार्गे नेते आणि वाटेत लिस्बन किंवा पोर्तोला काही दिवस थांबूही देते. कॉन्डॉरची नवी ए३३०निओ विमानं फ्रँकफर्टहून अमेरिका-कॅनडाला जातात, त्यांत प्रत्येक आसनाला वाटेची मोकळीक आहे. एमिरेट्स मिलान-न्यूयॉर्क आणि अथेन्स-नूअर्क, तर सिंगापूर एअरलाइन्स फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क असं उडते. या कंपन्यांची ही विमानं दुबई किंवा सिंगापूरहून निघून पुढे अटलांटिक ओलांडतात, आणि मधला टप्पा वेगळा विकला जातो. सेवेच्या मानानं तो अनेकदा रास्त भावात मिळतो.

आइसलँडएअरचा सागा प्रीमियम वर्ग स्वस्त दिसतो तेव्हा एक माहिती हवी: तिथलं आसन रुंद असतं, पण पूर्ण आडवं होत नाही. रेक्याविकला सात दिवसांपर्यंत जादा विमानभाडं न देता थांबता येतं, आणि ज्यांना आइसलँड बघायचंच आहे त्यांना हे तिकीट सोन्यासारखं आहे. झोपेसाठी मात्र नाही. नॉर्स अटलांटिकच्या प्रीमियम वर्गात दोन ओळींत ४३ इंचांचं अंतर मिळतं, इतर कंपन्यांच्या प्रीमियम इकॉनॉमीत ते साधारण ३८ इंच असतं. उंच माणसांनी दिवसाच्या प्रवासासाठी तिचा जरूर विचार करावा.

महिने आणि अटी

बिझनेस क्लास स्वस्त होतो तो धंद्याची माणसं घरी असतात तेव्हा. जुलै-ऑगस्ट, नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरचे दिवस. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्ट्या असल्यानं इकॉनॉमी सगळ्यात महाग असते. म्हणजे दोन्ही वर्गांतलं अंतर सगळ्यात कमी होतं ते ऐन सुट्टीत. मुलांच्या शाळेमुळे सुट्टीतच प्रवास करावा लागणाऱ्या घरांनी हे ध्यानात ठेवावं; इकॉनॉमीचे चौदाशे डॉलर देण्याआधी प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेसचं भाडं बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये. फेब्रुवारीत जेव्हा इकॉनॉमी चारशेला मिळते, तेव्हा बिझनेसच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नसतो.

मंडई उठताना भाजी स्वस्त होते, तसं विमानात होत नाही. शेवटच्या आठवड्यात भाडं वाढतच जातं, कारण तेव्हा घेणारा गरजू असतो आणि कंपनीला ते माहीत असतं. स्वस्त भाड्याच्या अटी ठरलेल्या असतात: काही आठवडे आधी खरेदी, मुक्कामात एक शनिवारची रात्र किंवा किमान काही दिवस, आणि रद्द केल्यास पैसे परत नाहीत. शनिवारच्या रात्रीची अट कंपनीच्या खर्चानं फिरणाऱ्यांना वगळण्यासाठी आहे. तो माणूस शुक्रवारी घरी परततो. तुम्ही नातेवाइकांकडे जात असाल तर ती अट तुम्हाला जाचत नाही, फायद्याचीच ठरते. मोठ्या गटांत एकेरी तिकीट परतीच्या तिकिटापेक्षा महाग पडू शकतं, म्हणून दोन्ही किमती बघा. एकेरीच हवं असेल तर जेटब्लू किंवा माइल्स.

शोध घेताना

गूगल फ्लाइट्समध्ये वर्ग बिझनेस निवडा आणि निघण्याच्या जागी एक शहर न घालता पाच-सहा घाला. एकाच वेळी सात विमानतळांपर्यंत चालतात. पोहोचण्याच्या जागीही तसंच. मग तारखांचा तक्ता आणि भाड्याचा आलेख उघडा. कुठला आठवडा उतरता आहे ते चित्रातच दिसतं. मनासारखी जोडी सापडली की त्यावर सूचना लावून ठेवा, भाडं हललं की मेल येते. अधिक खोलात जायचं असेल तर आयटीए मॅट्रिक्स वापरा. गूगलनं आयटीए ही कंपनी २०११ मध्ये घेतली, तिचंच हे जुनं साधन. त्यावर तिकीट विकत मिळत नाही, पण भाड्यात मूळ रक्कम किती, कर किती, कंपनीनं लावलेला अधिभार किती, हे फोडून दाखवतं.

दोघांसाठी शोधत असाल तर एकासाठीही शोधून बघा. स्वस्त दराचं एकच आसन उरलं असेल तर दोघांच्या शोधात यंत्रणा दोन्ही तिकिटांना वरचा दर लावते. एक तिकीट स्वस्त दरात आणि दुसरं पुढच्या दरात, असं वेगळं घेतलं तर दोनशे-तीनशे डॉलर वाचू शकतात. दोन्ही तिकिटं एकमेकांशी जोडून ठेवायला कंपनीला नंतर फोनवर सांगा.

पैसे भरण्याआधी तीन गोष्टी वाचा. पहिली, विमान प्रत्यक्ष कोण उडवतंय. दुसरी, प्रत्येक टप्पा कुठल्या वर्गात आहे; अटलांटिकवरचा लांब टप्पाच इकॉनॉमीत आणि तासाभराचा टप्पा बिझनेसमध्ये, अशी तिकिटंही बिझनेसच्या यादीत येतात. युरोपच्या आतला बिझनेस म्हणजे इकॉनॉमीचंच आसन, फक्त शेजारचं रिकामं, हेही लक्षात असू द्या. तिसरी, आसन कुठलं. ब्रिटिश एअरवेजनं २०१९ पासून दार असलेली नवी आसनं आणली, पण जुन्या मांडणीची विमानंही उडत राहिली. जुन्या मांडणीत खिडकीजवळच्या माणसाला शेजाऱ्याच्या पायांवरून ओलांडून यावं लागतं. लुफ्तान्साची अलेग्रिस आसनं मे २०२४ मध्ये आली, तीही सगळ्या विमानांत नाहीत. कंपनीच्या संकेतस्थळावर आसनांचा नकाशा उघडला की ओळीत किती आसनं आहेत ते लगेच कळतं. ओळीत १-२-१ दिसलं तर प्रत्येकाला थेट वाट आहे.

हल्ली बिझनेस क्लासलाही सगळं आपोआप मिळत नाही. फिनएअरच्या सगळ्यात स्वस्त बिझनेस भाड्यात चेक-इन बॅग आणि लाउंज नाही. ब्रिटिश एअरवेज आधी आसन निवडायचे वेगळे पैसे घेते. दोन बॅगा भरून लाडू-चकल्या आणि मसाले नेणाऱ्या घरांनी बॅगेचा नियम आधी बघावा.

तिकीट शक्यतो विमानकंपनीकडूनच घ्या. अमेरिकेला येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या प्रवासाचं तिकीट थेट कंपनीकडून, निघण्याच्या किमान सात दिवस आधी घेतलं, तर अमेरिकी नियमानुसार ते २४ तासांत विनादंड रद्द करता येतं, किंवा कंपनी पैसे न घेता तेवढा वेळ भाडं राखून ठेवते. चांगलं भाडं दिसलं की घ्या, रजा आणि घरच्यांची संमती त्या २४ तासांत मिळवा. फार स्वस्त, न पटण्याजोगं भाडं दिसलं तर घ्यायला हरकत नाही, पण हॉटेल लगेच ठरवू नका. फेब्रुवारी २०१५ मध्ये डॅनिश क्रोनच्या हिशोबातल्या चुकीनं युनायटेडची लंडन-नूअर्क पहिल्या वर्गाची तिकिटं शंभर डॉलरच्याही आत विकली गेली. कंपनीनं ती रद्द केली आणि अमेरिकी वाहतूक खात्यानं कंपनीची बाजू घेतली.

माइल्सबद्दल थोडक्यात. एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लू योजनेत दर महिन्याला निवडक शहरांसाठी सवलत निघते. एव्हिऑस हे पॉइंट ब्रिटिश एअरवेज, आयबेरिया, एअर लिंगस, फिनएअर आणि कतार यांच्यात इकडून तिकडे हलवता येतात. लंडनहून ब्रिटिश एअरवेजवर अधिभार भरमसाट, माद्रिदहून आयबेरियावर बराच कमी. घेण्याआधी एक भागाकार करा. समजा रोख भाडं २,२०० डॉलर आहे आणि माइल्सनं घेतलं तर १,२०,००० माइल्स आणि ५०० डॉलर कर लागतो. म्हणजे १,७०० डॉलरच्या बदल्यात १,२०,००० माइल्स, एका माइलला साधारण १.४ सेंट. माइल विकत घ्यायला याहून जास्त पडत असेल तर रोखीनंच घ्या. क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमानकंपनीकडे वळवले की परत येत नाहीत, म्हणून आसन उपलब्ध दिसल्याशिवाय ते हलवू नका.

बोली लावून वरचा वर्ग मिळवण्याची सोय बऱ्याच कंपन्या देतात. तिथे रक्कम माणशी आणि टप्प्यागणिक असते, आणि बोली मान्य झाली की पैसे परत मिळत नाहीत. प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट काढून रात्रीच्या टप्प्यावर बोली लावणं हा शहाणपणाचा उपयोग. ज्याला आडवं झोपणं वैद्यकीय कारणानं गरजेचं आहे, त्यानं मात्र बोलीच्या भरवशावर राहू नये.

आणि एक हक्क, जो फार थोडे लोक मागतात. बिझनेसचं तिकीट असताना कंपनीनं तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं, तर युरोपीय नियम २६१ नुसार ३,५०० किलोमीटरवरच्या प्रवासात त्या टप्प्याच्या भाड्याच्या ७५ टक्के रक्कम सात दिवसांत परत मिळायला हवी. युरोपीय संघातून निघणाऱ्या सगळ्या विमानांना आणि युरोपीय कंपन्यांच्या तिकडे येणाऱ्या विमानांना हा नियम लागू आहे. ब्रिटनमध्येही तसाच कायदा आहे. न्यूयॉर्कहून युरोपला अमेरिकी कंपनीनं येत असाल तर हे संरक्षण नाही. विमानतळावर शंभर-दोनशे युरोंचं कूपन पुढे केलं जातं, ते घाईनं सही करून घेऊ नका. मूळ बोर्डिंग पास आणि बदललेला पास, दोन्ही जपून ठेवा.

आईवडील मुंबईहून येत असतील तर त्यांच्यासाठी वेगवेगळी तिकिटं जोडण्याचा खटाटोप करू नका. त्यांचं तिकीट एकच असू द्या, म्हणजे मधलं विमान चुकलं तर पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीची राहते. मुंबई-लंडन आणि नूअर्क-मुंबई असं एका तिकिटात काढून मधला लंडन-न्यूयॉर्क टप्पा माइल्सवर किंवा जेटब्लूवर घेणं, एवढीच जोड मी सुचवेन, कारण मध्ये काही आठवड्यांचा मुक्काम असतो आणि विमान चुकण्याचा प्रश्न येत नाही. आणि सवलतीतलं एकच तिकीट परवडत असेल, तर ते घरातल्या ज्या माणसाची पाठ किंवा गुडघे दुखतात त्याच्या नावावर काढा. बाकीच्यांनी मागे बसावं.